जुने घरगुती कॉम्प्युटर सिनेमाच्या इफेक्ट्समध्ये नक्की काय करायचे?

कॅसेटवाला
काल रात्री १९८४ चा पहिला टर्मिनेटर परत बघत बसलो होतो. त्यात रोबोटच्या नजरेतून सगळं लाल दिसतं ना, तिथे बाजूला कोड सरकत असतो, तो पॉज करून वाचला तर चक्क ६५०२ ची असेंब्ली (चिपला थेट सूचना द्यायची भाषा) निघाली राव! म्हणजे अ‍ॅपल टू या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधली चिप. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की हे डबे पडद्यामागे खरंच काही कामाचे होते की नुसते शोभेला? ४८ के मेमरीत एक धड फोटो मावत नाही, स्पेसशिप कुठून काढणार?

फ्रेमबायफ्रेम
तो कोड निबल नावाच्या अ‍ॅपल टू वाल्यांच्या मासिकात छापून आलेल्या प्रोग्रॅम्समधला आहे, तेवढी शोभाच. पण तू चित्र काढायचं म्हणतोयस तिथे गाडी चुकतेय. या मशीनचं खरं काम होतं मोजणं. मॉडेलचं स्पेसशिप, समोर रुळावर कॅमेरा, आणि प्रत्येक हालचालीला एक स्टेपर मोटर, म्हणजे मोजून छोट्या टप्प्यांनी (स्टेप्सनी) फिरणारी. एकदा शिप शूट करायचं, मग फिल्म मागे घेऊन फक्त त्याचे दिवे, मग मॅटसाठी (शिपच्या आकाराचा मुखवटा, मागे दुसरं चित्र जोडायला) परत, आणि दर वेळी कॅमेरा त्याच फ्रेमला त्याच जागी हवा, नाहीतर दिवे शिपच्या बाहेर लोंबकळताना दिसतात. माणसाच्या हाताने हे अशक्य, अ‍ॅपल टू ला मात्र आरामात जमतं, कारण त्याला फक्त कुठल्या मोटरला किती स्टेप्स एवढंच सांगायचंय. जॉन नॉल (हो, भावाबरोबर फोटोशॉप बनवणारा तोच) कॉलेजात असताना त्याने अ‍ॅपल टू आणि मिलिंग मशीनचा कंट्रोलर जोडून घरचाच मोशन कंट्रोल (कॉम्प्युटरने कॅमेरा हलवायची यंत्रणा) बनवला होता, पुढे स्टार वॉर्सचे इफेक्ट्स करणाऱ्या आयएलएममध्ये गेला.

कॅसेटवाला
पण १ मेगाहर्ट्झच्या हळू चिपला सेकंदाला २४ फ्रेम कसं झेपायचं?

गिअरबॉक्स
झेपवायचंच नव्हतं 😄 मॉडेल छोटं, फोकस सगळीकडे शार्प हवा म्हणून लेन्सचं छिद्र बारीक, मग एका फ्रेमचं एक्सपोजरच सेकंदभर किंवा जास्त, तेवढ्यात कॉम्प्युटरची चहा पिऊन होते. खरा त्रास मोटरचाही नाही, गिअरचा. मी हौस म्हणून जुन्या मशीनवर कॅमेरा रुळावर सरकवणारी एक छोटी स्लायडर रिग केली होती, पहिला पास (शूटिंगची एक फेरी) मस्त, दुसऱ्या पासला सगळं केसभर सरकलेलं, दोन रात्री प्रोग्रॅममध्ये चूक शोधली आणि चूक होती गिअरमधल्या प्लेची. मोटर उलटी फिरली की दात दातावर बसेपर्यंत थोडी मोकळीच फिरते. मग कुठेही जायचं असलं तरी आधी थोडं मागे जाऊन कायम एकाच बाजूने यायचं असं केलं, आणि बसलं.

अमिगाभक्त
फक्त मोजणं म्हणू नका हो. अमिगा या घरगुती कॉम्प्युटरने चित्रं पण काढलीत! त्याचा सिग्नल टीव्हीच्या व्हिडिओशी सिंक होतो म्हणून व्हिडिओवाले त्याच्यावर जीव टाकायचे. १९९० ला अमिगात बसणारं व्हिडिओ टोस्टर हे व्हिडिओचं कार्ड आलं, सोबत लाइटवेव्ह हा थ्रीडी प्रोग्रॅम, आणि त्यावर बॅबिलॉन ५ या अंतराळ मालिकेच्या १९९३ च्या पायलटची (सुरुवातीच्या भागाची) सगळी शिपं झाली, एमी हा टीव्हीचा पुरस्कारही मिळाला. पुढे तेही पीसीवर गेले, तो विषय नको, त्रास होतो.

फ्रेमबायफ्रेम
मान्य, पण ती टीव्ही मालिका. फिल्मला रिझोल्यूशन कितीतरी जास्त लागतं, तिथे १९८४ चा घरगुती डबा चित्र काढण्यात कामाचा नव्हताच. आणि उलटा किस्सा ऐक, १९८१ च्या एस्केप फ्रॉम न्यू यॉर्कमध्ये ग्लायडरच्या स्क्रीनवर शहराचं हिरवं वायरफ्रेम (नुसत्या कडांच्या रेषांचं चित्र) दिसतं ना? तिथे कॉम्प्युटर नाहीच. काळ्या बिल्डिंगांचं मॉडेल आणि कडांना चमकती टेप.

कॅसेटवाला
काय सांगतोस! मी तर ते बघून घरी बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तसंच काढायचा प्रयत्न केला होता 😭

गिअरबॉक्स
टेप स्वस्त पडली असती.