अठराव्या वर्षी पालकत्वाचा दाखला काढायचाच का?

रानजाई
स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलीला अठरा पूर्ण झाली की घरात पहिली धावपळ होते ती कायदेशीर पालकत्वाची. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९, कलम १४. अर्ज जातो जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे. या सरसकट धावपळीला माझा विरोध आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १३ तिला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता देतं. पैशाचे व्यवहार तिने पाहायचे. मदत करणारी व्यक्ती नको असेल तर तिने ती बदलायची. मदतनिसाचं हित आड येत असेल तर त्या व्यवहारातून त्याने बाजूला व्हायचं. "हिला काही कळत नाही" हे एकदा कागदावर आलं की कुणासोबत राहायचं, पेन्शन कशावर खर्चायची, हेही तिला कुणी विचारत नाही.

वहीखातं
कलम १३ बँकेच्या खिडकीवर चालत नाही. सही दर वेळी वेगळी आली की खातं अडकतं. समितीचा दाखला मात्र चालतो; तो ग्राह्य धरा असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २००७ सालीच कळवलं आहे. वडिलोपार्जित घरात तिचा हिस्सा असेल तर अडचण आणखी मोठी. करार कायदा १८७२, कलम ११ आणि १२ : करार करणारी व्यक्ती व्यवहार समजण्याइतकी सक्षम हवी. तशी न वाटल्यास नोंदणी कायद्याच्या कलम ३५ खाली दुय्यम निबंधक दस्त नाकारतात. शिवाय समितीने नेमलेल्या पालकाला हिशोब द्यावा लागतो. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. घरगुती मदतनिसाला हे कोण विचारणार? आई-वडील गेल्यावर तर कुणीच नाही.

रानजाई
हिशोब जातो समितीकडे, तिच्याकडे नाही. पालक छळ करतो किंवा पैसे खातो म्हणून त्याला काढायचं, तर न्यास कायद्याच्या कलम १७ मध्ये अर्जदार कोण? आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था. ती स्वतः त्या यादीत नाही! माझी मुख्य हरकत हीच. पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामासाठी, हे समितीने तपासायचं असतं. म्हणून दाखला घ्यायचाच असेल तर अर्जात "सर्व बाबींसाठी" लिहू नका. खात्याचा किंवा मिळकतीचा उल्लेख करून तेवढंच मागा.

तिठा
२०१६ च्या कायद्यातलं कलम १४ दोघांनीही सोडलं. मर्यादित पालकत्व : ठरावीक निर्णय, ठरावीक मुदत, पालकाने आणि तिने मिळून ठरवायचं आणि तेही तिच्या इच्छेप्रमाणे. अडतं ते "इच्छा" ओळखण्यात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणायची सवय अनेकांना लागलेली असते. काहीजण शेवटी ऐकलेला पर्याय उचलतात. म्हणून "चहा की दूध" विचारलं तर नंतर "दूध की चहा" असंही विचारा. न बोलणाऱ्या व्यक्तीसमोर दोनच चित्रकार्डं ठेवा, जागा बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. नजर, हात, मान, जे उत्तर येईल ते तारखेसह वहीत लिहा. विचारणारा त्या निर्णयाचा लाभार्थी नसावा. भावाला घर हवं असेल तर "कुठे राहायचं" हे भावाने विचारू नये.

वहीखातं
रोजच्या गोष्टींना ही वही मान्य. मदतनीस ठेवताना तर ती हवीच. आंघोळीला कुणाचा हात चालतो, हे तिच्याखेरीज कुणी सांगू शकत नाही. पण हिस्सा विकताना चित्रकार्डावरच्या उत्तरावर निबंधक दस्त नोंदवणार नाहीत.

तिठा
नाही नोंदवणार. पण समिती किंवा कोर्टापुढे वही जोडता येते. तिथे "तिची इच्छा काय" हा प्रश्न आला की घरच्यांच्या तोंडी शब्दापेक्षा सहा महिन्यांच्या तारीखवार नोंदी जड ठरतात.

वहीखातं
तेवढं मान्य. मात्र आदेश हातात येईपर्यंत घराचा विसार घेऊ नका. मुदत संपली की खरेदीदार तगादा लावतो आणि घाईत तिच्या नावावर कुणीतरी अंगठा उठवून घेतं.