मदत हवी आहे: भूगोल शिकवायला मोफत नकाशे आणि साधने (नेट जेमतेम, संगणक जुने)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

वाई तालुक्यात एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. सातवीला समोच्चरेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा), नववीला वितरणाचे नकाशे, दहावीला भारत-ब्राझील. बारा वर्षं फळ्यावर एकात एक वाटोळी काढून "हा डोंगर" म्हणत आले. मुलंही तीच वाटोळी वहीत काढतात आणि मार्क घेऊन जातात. परवा सातवीतल्या एकाला विचारलं, "यातला आपल्या टेबललॅन्डसारखा डोंगर कुठला रे?" वर्गाच्या खिडकीतून पसरणी घाट आणि वर टेबललॅन्डचा, म्हणजे पाचगणीच्या सपाट पठाराचा, कडा दिसतो, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बाई, त्यो डोंगर वहीत न्हाई येत."

तेव्हापासून डोक्यात आहे की तो डोंगर वहीत आणायचा.

अडचणी सांगते. संगणक नऊ, चालू सहा, सगळे २ जीबीचे आणि ३२ बिटवाले. नेट म्हणजे माझा मोबाइल. वर्गात एक टीव्ही आहे, त्याला पेनड्राइव्ह लागतो. खर्चाला पैसे नाहीत हे वेगळं सांगायला नको.

हवंय ते असं: आमच्याच परिसराचा, छापता येईल असा समोच्चरेषा नकाशा. नववीसाठी जिल्ह्यांच्या लोकसंख्या घनतेचा क्षेत्रघनी नकाशा (घनतेप्रमाणे जिल्हे गडद-फिके रंगवलेला), मुलांनी स्वतः केलेला. आणि भारताच्या सीमा बरोबर असलेला बाह्याकृती नकाशा. या शेवटच्या गोष्टीनं मी पोळले आहे. गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी नेटवरचा नकाशा मोठा छापून घेतला. मुलींनी चार दिवस बसून त्यावर नद्या रंगवल्या. पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी काही न बोलता नुसतं वरच्या टोकाकडे बोट केलं. जम्मू-काश्मीरचा वरचा भाग तुटक रेषेनं कापलेला! सगळ्यांदेखत नकाशा उतरवावा लागला.

कृपया "गूगल अर्थ वापरा" एवढंच लिहून जाऊ नका, ते माहीत आहे.

सह्यभटक्या

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्व्हे ऑफ इंडियाकडे आहे. १७६७ पासून हेच काम करतात. त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की १:५०,००० चे स्थलदर्शक नकाशे पीडीएफमध्ये फुकट मिळतात. १ सेंमी म्हणजे अर्धा किमी, समोच्चरेषांचं अंतर २० मीटर. मंदिर, विहीर, पायवाट, सगळ्याच्या खुणा असतात, त्यामुळे सांकेतिक खुणांचा धडाही त्यातच उरकेल.

आता तुमच्या गावाची गंमत. वाई आहे साधारण १७ अंश ५७ मिनिटांवर, म्हणजे ४७जी/१३ या शीटच्या वरच्या काठाला. तुमच्या जवळचं मांढरदेव १८ अंशांच्या वर, म्हणून ते ४७एफ/१६ मध्ये. दोन्ही शीट घ्या आणि चिकटवा. ट्रेकला जाताना आमचं कायम असंच होतं, हवा तो किल्ला नेमका दोन शीटच्या सांध्यावर.

संकेतस्थळावर शोधताना एक लक्षात ठेवा. हे क्रमांक जुन्या पद्धतीचे. नव्या मालिकेचं नाव ओपन सीरीज मॅप, तिचे आपल्याकडचे क्रमांक ई४३ नं सुरू होतात. लोक तिला ओएसएम म्हणतात आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नेटवरच्या नकाशालाही ओएसएमच म्हणतात. या एका गोंधळात माझा अख्खा रविवार गेला आहे.

रास्टरराव

वरचं बरोबर आहे, पण सातवीच्या मुलापुढे अख्खी टोपोशीट ठेवली तर तो रेषांच्या गुंत्यात हरवेल. स्वतः रेषा काढा. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. ३२ बिटवर ३.१६ ही आवृत्ती चालते, ३.२० पासूनच्या नाही. खरं सांगायचं तर शाळेतल्या संगणकांवर टाकूच नका, घरी करून पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या.

उंचीची माहिती एसआरटीएमची घ्या. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानानं ११ दिवसांत रडारनं मोजलेली, ३० मीटरच्या चौकटीची. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोररवर फुकट खातं उघडून मिळते. फाईलचं नाव एन१७ई०७३. मांढरदेवसाठी एन१८ई०७३ पण घ्या आणि दोन्ही जोडा, इथेही तोच सांधा. मग प्रक्षेपण बदलून यूटीएम झोन ४३ उत्तर करा. हे विसरलात तर आडवं माप अंशात आणि उभं मीटरमध्ये, उतार काढाल तेव्हा भिंती उभ्या राहतील. त्यानंतर रास्टर मेनूत एक्स्ट्रॅक्शन, कॉन्टूर, अंतर ४० मीटर. ए-४ कागदावर २० च्या रेषा एकमेकींत मिसळतात.

आणि इथे थांबू नका. नकाशा १:२५,००० ला छापा आणि प्रत्येक रेषेचा पुठ्ठा कापून थर लावा. या मापाला ४० मीटर म्हणजे १.६ मिलिमीटर. २ मिमीचा पुठ्ठा घेतला तर डोंगर जवळजवळ खऱ्या प्रमाणात, ३ मिमीचा घेतला तर उंची दुपटीच्या जवळ जाते. मुलांना ३ चाच आवडेल, पण उंची फुगवली आहे हे सांगा. पाचगणीचे कडे एसआरटीएममध्ये थोडे गुळगुळीत दिसतात, ती ३० मीटरच्या चौकटीची मर्यादा.

टिंबटिंब

मी क्षेत्रघनीबद्दल लिहितो. हा नकाशा डेटारॅपर या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच होतो, इन्स्टॉल काही नाही. क्यूजीआयएसमध्येही होतो. पण माहिती भरताना तीन ठिकाणी ठेच लागेल.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५. पालघर झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्यामुळे आजच्या नकाशात ३६ आणि पालघर रिकामा पांढरा दिसतो. त्याला ठाण्यात मिळवून टाका. दुसरं, नावं. तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर आणि नकाशात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. संगणकाला ते वेगळेच जिल्हे वाटतात. नावांऐवजी जनगणनेच्या संकेतांकांनी जोडा.

तिसरी ठेच मात्र मुद्दाम लागू द्या. गडचिरोलीची घनता ७४, मुंबई उपनगराची २०,९८०. समान अंतराचे पाच गट पाडले की मुंबईचे दोन जिल्हे गडद आणि बाकी सगळा महाराष्ट्र एकाच फिक्या रंगात. मग त्याच आकड्यांचे असे गट पाडा की प्रत्येकात सारखेच जिल्हे येतील. अचानक कोल्हापूर वेगळं, सिंधुदुर्ग वेगळं दिसायला लागतं. दोन्ही नकाशे शेजारी लावा आणि विचारा, खोटा कुठला? माझ्या वर्गात यावर पाऊण तास भांडण झालं होतं. आयुष्यातला सगळ्यात चांगला तास.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. रास्टरराव, रेषा आल्या!!! रात्री साडेअकराला एकटीच टाळ्या वाजवल्या. पण जिल्ह्यांच्या तक्त्यात मराठी रकाने भरले तर 'लोकसंख्या' चं नुसतं 'लोक' उरतं. माझं काय चुकतंय?

रास्टरराव

तुमचं नाही, शेपफाईल या नकाशाच्या फाईल-प्रकाराचं चुकतंय. तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइट, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. ल, त्याची मात्रा आणि क ही तीन चिन्हं होईपर्यंत जागा संपली. फाईल जिओपॅकेज म्हणून साठवा, पूर्ण नाव राहील. तक्ता सीएसव्ही असेल तर यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं.

सातासमुद्रापार

सीमेचा प्रश्न मागे पडला म्हणून लिहितो. भारताचा बाह्याकृती आणि राजकीय नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचाच घ्या, फुकट आहे, दुसरीकडे बघूच नका. त्यांच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. साहेबांनी बोट दाखवून सोडलं हे नशीब समजा. जगाच्या नकाशासाठी नॅचरल अर्थची माहिती चांगली आहे, पण तिची मूळ फाईल प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे सीमा दाखवते. तिथेच भारताच्या दृष्टिकोनाची वेगळी फाईल मिळते, दहावीच्या भारत-ब्राझीलसाठी ती घ्या. इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावर शाळांसाठी विभाग आहे, तोही एकदा चाळा.

अवांतर: जूनमध्ये अर्थ नलस्कूल नावाचं पान मोबाइलवरून टीव्हीला लावा. सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळून कोकणावर आदळणारा वारा हलताना दिसतो. नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणजे काय हे मला शाळा सुटल्यावर वीस वर्षांनी त्या पानावर कळलं.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी परत आले. पुठ्ठा किराणा दुकानातून आणला, खोक्यांचा. मोजला तर सव्वातीन मिमी निघाला, त्यामुळे आमचा डोंगर जरा उर्मट झाला आहे. सोळा थर. तीन ब्लेड मोडली आणि एक थर उलटा चिकटला, तो तसाच आहे.

ज्यानं "वहीत न्हाई येत" म्हटलं होतं, त्याला नुसता छापील कागद दिला, मॉडेल झाकून ठेवलं. बराच वेळ बोट फिरवत होता. कड्यापाशी रेषा एकमेकींना खेटून होत्या, तिथून बोट वर सरकलं आणि थांबलं. "बाई, हितं रेषाच न्हाईत." मग खिडकीकडे बघितलं.

नववीचा क्षेत्रघनी पुढच्या आठवड्यात. तोवर नवीन प्रश्न. एका मुलीनं विचारलं, "आमची वाडी का नाय नकाशात?" बघितलं तर ओपनस्ट्रीटमॅपवर खरंच नाही. आपल्याला भरता येते का? मराठीत?

सह्यभटक्या

येते. तुमच्या नावानं खातं उघडा, वाडीच्या जागी बिंदू टाका, प्रकार हॅम्लेट (म्हणजे वाडी) निवडा आणि मराठी नावासाठी 'नेम', अपूर्णविराम, 'एमआर' हा टॅग. फक्त गूगलच्या नकाशावरून बघून भरू नका, परवान्यात बसत नाही. मुलीलाच विचारा, तिथले लोक वाडीला काय म्हणतात, आणि तेच लिहा.