जुन्या विनोदी मालिका रीतसर कुठे पाहता? अनुभव सांगा

कापसाची वेचणी आटोपत आली, रात्री मोठ्या झाल्या, आणि घरोघरी जुनं काहीतरी पाहायची लहर आलीय. दुकानातून मेमरी कार्ड भरून आणता ते सोडून बोला. कोणती मालिका, कुठे सापडली, पैसे लागले का आणि आपल्या टॉवरवर चालली का, एवढं लिहा.

सुरुवात मीच करतो. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. अल्फाचंच पुढे झी मराठी झालं, म्हणून झी५ उघडलं, तर आबा तिथे हजर! माझा ठोकताळा असा, की मालिका मुळात कोणत्या चॅनलची ते आधी आठवायचं. बहुतेकदा ती त्याच घरच्या ॲपवर असते.

दारव्ह्याकडून
'साराभाई वर्सेस साराभाई' २००४ ले स्टार वनवर सुरू झालं तवा आमच्या घरी केबल नोयती. अमरावतीले मामाकडे गेलो का तेवढं पाहाले भेटे. आता जिओहॉटस्टारवर हाय. पन टॉवरचं काय सांगू भाऊ, लाईन गेली का तोबी झोपते. म्हनून बाजाराच्या दिवशी तालुक्याले गेलो का बसस्टँडवर बसून भाग डाउनलोड करतो, अन् रात्री जागलीले पाहतो. हरभऱ्यात डुकरं लय येतात. माया अन् इंद्रवदनची जुंपली का मी असा हासतो का डुकरं धुऱ्यावरूनच वापस जातात. एक ध्यानात ठेवा, उतरवलेला भाग त्याच ॲपमध्ये चालते अन् काही दिवसांनी आपोआप बंद पडते. जागलीले निघायच्या आधी घरीच एकदा लावून पाहून घ्या.

आर्वीहून
सासऱ्यांना 'वागले की दुनिया' पाहायची होती. १९८८ची, आर. के. लक्ष्मणांच्या वागळ्यांची. नाव टाकलं की २०२१ची सोनीवरची नवी मालिका पुढे येते. तिच्यातही अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आहेत, त्यामुळे सासरे सुरुवातीला खूश झाले. मग म्हणाले, "हा तर म्हातारा झाला वं!" नावापुढे सन टाकून शोधा. आणि पहिली दूरदर्शनची होती, तेव्हा सोनीच्या ॲपवर डोकं खाजवू नका.

उत्तर, आर्वीच्या ताईंना
दूरदर्शनचं असेल तर प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं. बरंचसं फुकट आहे. यूट्यूबवर प्रसार भारती आर्काइव्ह्जचा चॅनलही आहे. तिथे एखादी मालिका अख्खी मिळेलच असं नाही, पण जे आहे ते घरच्या मालकाचं.

चिखलीहून
मुंबई-पुण्याची मंडळी चिमणराव-गुंड्याभाऊच्या आठवणी काढून हळवी होतात. आमच्या गावात १९७७-७९ मध्ये टीव्हीच नव्हता आणि मुंबई केंद्राचं प्रक्षेपण इथवर येतही नव्हतं. त्यामुळे आम्हाला ती मालिका जुनी नाही, नवीकोरीच आहे. कुठे सापडली तर कळवा.

ब्रम्हपुरीजवळून
नेटच्या नादी लागलो नाही. डीडी फ्री डिशची छत्री आहे, महिन्याचं भाडं नाही. जे लागेल ते पाहतो.

अकोटहून
यूट्यूबवर कोणीही टाकलेले भाग पाहिले तर चालतं का? चित्र उलटं दिसतं, सगळे डावखुरे!

उत्तर, अकोटला
पकडलं जाऊ नये म्हणून चित्र उलटवतात, आवाजही चिरका करतात. चॅनलचं नाव पाहा. निर्मात्याचा किंवा वाहिनीचा असेल तरच बसा, नाहीतर आज आहे, उद्या गायब.

वणीहून
माझी 'हम पाँच' राहिलीच की. अशोक सराफ आणि पाच पोरी. १९९५ची, झी टीव्हीवरची.

उत्तर, वणीला
झीची म्हणजे झी५. फोटोतून बोलणारी पहिली बायको आठवते ना? प्रिया तेंडुलकर.

वणीहून
आठवते तर! शोधते आजच. आमच्या यांना मात्र सांगू नका, ते अजून भिंतीवरच्या फोटोकडे बघून मला टोमणे मारतात.