चिनी भाषकांना आधी कोणते इंग्रजी शिकवावे?

चर्चाप्रस्ताव
चिनी भाषक प्रौढांना ऑनलाइन शिकवताना आधी औपचारिक इंग्रजी पक्के करून घ्यावे, असे माझे मत झाले आहे. औपचारिक-अनौपचारिक हा भेद त्यांना नवा नाही. लेखी भाषेला ‘शूम्येनयू’ आणि बोलीला ‘खोउयू’ असे स्वतंत्र शब्द चिनीत आहेत, आणि आपल्या तू-तुम्हीसारखे ‘नी’ आणि आदरार्थी ‘नीन’ही आहेत. इंग्रजीत मात्र सर्वांना एकच ‘यू’ असल्यामुळे आदर वाक्यात नेमका कुठे ठेवायचा हे उमगत नाही, आणि मग प्राध्यापकांना ‘प्लीज सेंड मी द फाइल’ असे पत्र जाते. लिहिणाऱ्याच्या लेखी ‘प्लीज’मध्ये सगळी नम्रता आलेली असते, वाचणाऱ्याला ती आज्ञाच वाटते.

प्रतिसाद १
असहमत. औपचारिक इंग्रजीचा साठा त्यांच्याकडे उलट अधिकच असतो. ‘गाओखाओ’ या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत ‘ली ह्वा’ नावाच्या काल्पनिक विद्यार्थ्याच्या वतीने पत्र लिहिण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे येत आला आहे. अडते ते बोलण्यात. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच-लॅटिन शब्दांचा दरबारी थर साचला आणि रोजच्या व्यवहारात जुने छोटे शब्द टिकले; चिनी विद्यार्थी ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’ सहज वापरतात, पण ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ टाळतात, कारण ‘पुट’ला चिकटलेल्या शब्दाने अर्थ का बदलावा, हे पाठ केलेली शब्दयादी सांगत नाही. मित्राशी गप्पा मारतानाही ते परिपत्रक वाचल्यासारखे बोलतात.

मूळ लेखक
शब्द भारदस्त असले म्हणजे भाषा औपचारिक होत नाही. हेच विद्यार्थी निबंधात ‘व्हॉट्स मोअर’ हा बोलीवळणाचा प्रयोग लिहितात, आणि तो त्यांना भारदस्त वाटतो! ली ह्वाची पत्रे लिहून साचा हाती लागतो, तारतम्य नाही. आपले म्हणणे एवढे मात्र मान्य, की ‘पुट ऑफ’ पहिल्याच वर्षी शिकवायला हवे.

प्रतिसाद २
दोघांचेही लक्ष शब्दांवरच आहे. चिनी रीतीने लिहिलेल्या विनंतीत बहुधा आधी पार्श्वभूमी, मग कारणे आणि अगदी शेवटी मागणी येते. आपले ‘पत्र लिहिण्यास कारण की’ आठवावे. इंग्रजी वाचणारा मात्र पहिल्या दोन ओळींतच मागणी शोधतो. म्हणून पत्र लिहून झाल्यावर शेवटचे वाक्य उचलून वर ठेवायला मी सांगते, आणि त्यातील ‘प्लीज सेंड’च्या जागी ‘कुड यू सेंड’ करून घेते. ‘पुट ऑफ’चा वाद त्यानंतरचा.