धारवाडकडचं कन्नड: पुस्तकी कन्नडात नेमकं काय बदलायचं?

प्रश्न
बंगळूरच्या धाटणीचं कन्नड लिहिता-वाचता येतं, पण हुबळी-धारवाडकडचं बोलणं अर्धंच कळतं. 'इदे' (आहे), 'माड्ता इद्दीनि' (मी करतोय) ही पुस्तकी रूपं कानावरच पडत नाहीत. आधी काय पक्कं करावं?

प्रतिसाद १
आधी क्रियापदं, शब्द नंतर. 'आहे'ला इथे 'ऐति'. 'मी करतोय' म्हणजे 'माडाकत्तीनि', तो 'माडाकत्तान', ती 'माडाकत्ताळ'. हे मुळात 'माडाक' अधिक 'हत्तु', आणि हत्तु म्हणजे लागणे. कोल्हापूर-सांगलीकडचं 'कराय लागलोय' आठवा, घडण तीच आहे. बोलताना मधला 'ह' गळतो, म्हणून पुस्तकावर शिकलेल्याला ते भलतंच क्रियापद वाटतं.

मग शब्दांचे शेवट. नामातला शेवटचा 'ए' 'इ' होतो: मने (घर) मनि, तले (डोकं) तलि. प्रश्नांत तो 'अ' होतो: याके (का) याक, हेगे (कसं) ह्यांग. 'मध्ये'साठी 'अल्लि' जाऊन 'आग' येतो: ऊरल्लि (गावात) ऊराग, मनेयल्लि (घरात) मन्याग. एवढं बसलं की निम्मं कोडं सुटतं.

प्रतिसाद २
'री' विसरू नका: बर्री (या), कुंदर्री (बसा), हौद्री (होय जी). हा आदराचा प्रत्यय आहे. मराठी कानाला तो 'काय री'सारखा सलगीचा वाटतो, म्हणून नवखे लोक तो टाळतात आणि वडीलधाऱ्यांशी बोलणं उद्धट होऊन बसतं.

शब्दांची चिंता करू नका, बरेच ओळखीचेच निघतील: रोक्क (पैसे), पगार, ताटु, किसे (खिसा), दवाखानि, खरे. कारण धारवाड, बेळगाव, विजापूर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. फसवतो तो 'छलो': त्याचा अर्थ 'चला' नव्हे, 'चांगलं'. 'भाळ छलो ऐति' म्हणजे फार छान आहे. बाजारात कांदा 'ईरुळ्ळि' नाही, 'उळ्ळागड्डि' मागायचा.

प्रतिसाद ३
वरचं सगळं धारवाड पट्ट्याला लागू. कलबुर्गी, बीदर, रायचूर हा निजामाचा मुलूख. तिथे उर्दू शब्द जास्त आणि 'ऐति'च्या जागी 'अद'. धारवाडच्या ब्राह्मण घरांतही 'अद' आणि 'माडलिकत्तीनि' (मी करतोय) ऐकू येतं. तेव्हा ऐकताना दोन्हींची सवय ठेवा, बोलताना मात्र एकच धरा. एकाच वाक्यात 'ऐति' आणि 'अद' आले की ऐकणाऱ्याला लगेच खटकतं.