विषय: जूनमध्ये नागपूरला जातोय, लेकीला शाळेत व्हॉलंटियरिंग करायचंय

नमस्कार मंडळी,

या उन्हाळ्यात ७ जून ते १२ जुलै नागपूरला आहोत, माहेरी, महाल भागात. लेक आता अकरावीत जाईल, तिला हायस्कूलसाठी कम्युनिटी सर्व्हिसचे तास हवेत, पण नुसते तास म्हणून नाही हो, तिला खरंच पर्यावरणात इंटरेस्ट आहे. तिच्या डोक्यात असं आहे की एखाद्या मराठी शाळेत मुलांबरोबर शंभर झाडं लावायची आणि प्लास्टिकवर एक प्रेझेंटेशन द्यायचं. मराठी छान बोलते, वाचताना अडखळते. कोणी असं काही केलंय का? आणि मंडळाच्या दिवाळी फंडातून त्या शाळेला थोडे पैसे देता येतील का?

– महालची लेक

---

ताई,

पहिले तारखा बघ. विदर्भातल्या शाळा पुण्या-मुंबईसोबत उघडत नाहीत, ऊन उतरायची वाट बघत जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे तू ७ ला पोचलीस तर अर्धी सुट्टी पोरगी कूलरसमोर बसून संत्रा बर्फी खाणार, बाकी काही नाही.

आता झाडांचं. हा शहाणपणा मी करून बसलोय म्हणून सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये ख्रिसमसच्या सुट्टीत गेलो होतो, नाग नदीच्या काठच्या एका शाळेत तीन आठवडे. मोठ्या उत्साहाने साठ रोपं लावली, कडुनिंब आणि करंज, बॅनर वगैरे सगळं. डिसेंबरात! पावसाळा सहा महिने लांब, आणि एप्रिल-मेमध्ये शाळा बंद, पारा पंचेचाळीसला, पाणी कोण घालणार? जूनमध्ये फोन केला तर शिपाईभाऊ म्हणाले, "अकरा राहिले साहेब, अन् ते बी माह्या पोरानं हंडे वाहिले म्हणून." इकडे मी फेसबुकवर साठ झाडांचे लाइक घेऊन मोकळा झालो होतो.

पण त्याच तीन आठवड्यांत एक गोष्ट जमली, आणि ती माझी आयडियाच नव्हती. २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं होतं, तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओ बघितलेच असतील. त्यानंतर तीन महिन्यांनी पण घरांच्या भिंतींवर चिखलाची रेघ तशीच होती. मी प्रदूषणावर काहीतरी बोलत होतो, मागच्या बाकावरचा पोट्टा उठला आणि म्हणाला, सर, आमच्या घरी पाणी इथवर होतं, आणि हात छातीला लावला. लगेच दुसरा म्हणाला आमच्याकडे गळ्यापर्यंत. झालं, वर्गात भांडण. मग बाईंनीच सांगितलं की भांडू नका, मोजून या. एकीच्या आईचा शिवणाचा टेप आणला, तो दीडच मीटरचा, म्हणून उंच रेघेला दोनदा लावावा लागे, आणि पोट्टे घरोघरी जाऊन रेघ मोजून वहीत लिहून आणू लागले. एका आजीने तर भिंत पुसायची राहू दिली, म्हणे पोरांचं होऊन जाऊ द्या आधी.

मग वर्गाच्या फरशीवर खडूने नदी काढली, लावा गावाजवळच्या टेकड्या, अंबाझरी, शहर, पुढे कन्हान, पुढे वैनगंगा, गोसीखुर्द धरण. निम्म्या वर्गाला हे "नाला" म्हणूनच माहीत होतं, ज्या नदीवरून गावाला नाव पडलं तिला! एकीने तिथल्याच पवनीवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे माह्या मामाच्या गावाले आपलंच पाणी जाते?" त्यानंतर मी प्लास्टिकचे स्लाइड्स उघडलेच नाहीत.

तर लेकीला सांग, काय शिकवायचं ते इथून ठरवून नेऊ नको. आणि पोरांच्या चेहऱ्यांचे फोटो टाकू नका कुठे, आई-बाबांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

– धरमपेठवाला काका

---

मंडळी, खजिनदार बोलतोय. दिवाळी फंडातून शाळेला थेट पैसे: नाही. आपलं मंडळ परदेशी संस्था, त्यामुळे तो पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली येतो, घेणाऱ्या संस्थेचं त्यात रजिस्ट्रेशन पाहिजे आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच यायला पाहिजे. ओसीआय असलेल्यांनी, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आपल्या लोकांनी, स्वतःच्या खिशातून दिले तरी तेच. (मागे एकदा हजार डॉलर परत आले होते, आठवत असेल, तो मनस्ताप मला परत नको.) ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ते परदेशी धरत नाहीत. तरी शाळेच्या सीएला विचारा. कॅश तर अजिबात नको, कृपया.

---

नमस्कार. माझा मुलगा या लिस्टवर आहे, त्याने मेल वाचून दाखवले, त्याच्याच आयडीवरून लिहिते आहे. मी नागपुरात एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, आता रिटायर.

काकांनी झाडांचं कबूल केलं ते बरं झालं. दर वर्षी कोणीतरी येतं, खड्डा खोदतं, फोटो काढतं, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं कोणी लावतं. आमच्याकडे एक खड्डा होता, त्याला आम्ही बाया "पाहुण्यांचा खड्डा" म्हणायचो.

पोरी, तुला शाळा उघडताना यायचं असेल तर पावसाचं काम घे. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. तिचं बूड खालून वेडंवाकडं असतं म्हणून आधी खडे टाकायचे, खड्यांच्या वर सरळ भाग लागेपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. तिथून वर पट्टी चिकटवायची, मिलिमीटर मोजायचे. उघड्यावर ठेवायची, छपराखाली किंवा झाडाखाली नको. रोज सकाळी साडेआठला वाचायची, हवामान खातं पण तेव्हाच वाचतं, मग पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. वाचून झालं की पाणी परत शून्याच्या रेघेवर आणायचं, हे पोरं हमखास विसरतात. पाचवीला झेपतं. त्यांच्या परिसर अभ्यासात पाणी-पाऊस आहेच, बाईंना वेगळा तास काढावा लागत नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे, नाहीतर तुझी बाटली तू गेल्यावर कचऱ्यात. आमच्या नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडतो, त्या २०२३ च्या रात्री काही तासांत शंभरच्या वर पडला होता. पोरांनी रोज दहा-बारा लिहिले की शंभर म्हणजे काय ते त्यांचं त्यांना कळेल.

पहिले दोन दिवस काही करू नको. मागे बस, खिचडी वाढायला मदत कर, नावं पाठ कर. वाचताना अडखळतेस ना, तिसरीतल्या एखाद्या मुलीकडून वाचून घे, तिला फार मोठं वाटेल.

आणि तासांच्या कागदावर सही हेडमास्तरांचीच घे, सोमवारी मागू नको.

---

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकीट पुढे सरकवलं, आता २१ जून ते २६ जुलै, चेंज फी ऐकून नवऱ्याने डोक्याला हात लावला. शंभर झाडांचं लेकीने स्वतःच खोडलं, दोन दिवस फुगून होती पण खोडलं. बाई, ती विचारतेय बाटली बाजूने सरळच पाहिजे ना, कारण तिकडे मधे बारीक असलेल्या जास्त मिळतात, तर इथून चार सरळ घेऊन येऊ का? बॅगेत जागा आहे.

– महालची लेक