चॅट्सवर्थ एका दिवसात: सोबत सासूबाई आणि दोन मुलं

ट्रेंटकाठ:
ऑगस्टमधल्या एका शनिवारी इंग्लंडमधल्या डर्बीशरचा चॅट्सवर्थ वाडा बघायचं ठरतंय. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, जिना चढतात पण सावकाश. मुलं ९ आणि ४ वर्षांची. वाडा, बाग आणि फार्मयार्ड (प्राणी आणि मुलांची खेळाची जागा) तिन्ही एका दिवसात उरकेल का? नॅशनल ट्रस्टचं (जुन्या वास्तू जपणारी संस्था) सभासद कार्ड चालेल का? गाडी नाही, शेफील्डहून निघणार. डबा नेता येतो का?

पायवाट:
कार्ड चालणार नाही. चॅट्सवर्थ नॅशनल ट्रस्टचं नाही. कॅव्हेंडिश घराणं, म्हणजे डेव्हनशरचे ड्यूक, अजून तिथेच राहतात आणि कारभार स्वतंत्र न्यासाकडे आहे. कार्ड वसूल करायचं असेल तर याच घराण्याचा हार्डविक हॉल १९५९ मध्ये वारसा कराच्या बदल्यात नॅशनल ट्रस्टकडे गेला, तिथे चालेल. पण मुलांना रमवायला चॅट्सवर्थच बरं.

तिन्ही एका दिवसात करू नका. वाड्याला दीड तास धरा आणि वेळ ठरवलेलं तिकीट सकाळचं घ्या. दुपारी चार वर्षांचं पोर पेंगुळलं की "हात लावू नको" सांगून तुम्हीच दमाल. आत पडदे ओढलेले असतात. उजेडाने जुनं कापड विरतं म्हणून ते तसं ठेवतात, त्यामुळे फोटोंची फार आशा नको. मुलांना एकच काम द्या: संगीत दालनातल्या दारामागे टांगलेलं व्हायोलिन शोधायचं. ते रंगवलेलं आहे, खरं नाही. सासूबाईंसाठी लिफ्टची चौकशी तिकीट काढतानाच करून ठेवा, आयत्या वेळी नको.

बस: बेकवेल गावाकडे जाणारी २१८. परतीची शेवटची बस आदल्या दिवशी बघून लिहून ठेवा. ती चुकली तर टॅक्सीशिवाय मार्ग नाही.

हिरवळ:
वाडा सकाळी, हे मला पटत नाही. ऊन असेल तर आधी बागच. बाग १०५ एकर आहे आणि चढावर आहे, पोटभर जेवून तो चढ नको वाटतो. शिवाय पाऊस दुपारी आला तर छप्पर हाताशी राहतं. तिकीट मात्र त्या हिशेबाने दुपारचं काढावं लागेल.

सासूबाईंना कालव्यासारख्या लांब तळ्याच्या काठी बसवा. एम्परर कारंजं तिथूनच दिसतं. रशियाचा झार येणार म्हणून इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने १८४४ मध्ये ते सहा महिन्यांत उभं केलं, आणि झार आलाच नाही! पंप नाही. वर टेकडीवर तळं खोदलंय, त्या उंचीच्या दाबावर पाणी उडतं. म्हणूनच कोरड्या उन्हाळ्यात तळं खाली गेलं की कारंजं बंद ठेवतात. वारा असला की तुषार बाकांपर्यंत येतात, तेव्हा वाऱ्याच्या उलट बाजूला बसा.

पायऱ्यांवरून उतरणाऱ्या पाण्यासाठी (कॅस्केड, २४ टप्पे) मुलं हट्ट धरतील. पण गळतीमुळे तो बंद होता. दुरुस्ती कुठवर आली ते बघूनच मुलांना शब्द द्या. नाहीतर तांब्याचं झाड आहे, फांद्यांतून पाणी उडवतं, ते दाखवा. चक्रव्यूह (भूलभुलैया) यू नावाच्या झाडांचा आहे. त्यांची लाल फळं मुलांना तोंडात घालू देऊ नका, बिया विषारी असतात.

डबा बागेत चालतो, वाड्यात नाही. शेगडी-बार्बेक्यू पेटवायला बंदी आहे. धपाटे-दशम्या न्या, वरण-भात हिरवळीवर सांभाळवत नाही. बसायला जाड चटई हवी, बाहेरच्या कुरणात मेंढ्यांच्या लेंड्या असतात.

सावदेकर:
मुलांना एक गंमत सांगा. आपण खातो त्या केळ्याचं कॅव्हेंडिश हे नाव याच घराण्यावरून आलं. जळगावकडची जुनी बसराई आणि आताची ग्रँड नैन दोन्ही याच गटातल्या. इथल्या मोठ्या काचघरात पॅक्स्टनने ही जात पहिल्यांदा वाढवली.

पायवाट:
शेवटचं वाक्य दुरुस्त करतो. त्या रोपाला फुलं आली १८३५ मध्ये, मोठ्या काचघराचं काम सुरू झालं १८३६ ला. ते रोप आधीच्या लहान उबदार काचघरातलं. मोठं काचघर पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी तापवता आलं नाही, आतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते पाडलं. वर 'हिरवळ' यांनी सांगितलेला चक्रव्यूह त्याच जागेवर १९६२ मध्ये लावलाय.

सावदेकर:
बरोबर, चूक माझी.

ट्रेंटकाठ:
मग फार्मयार्ड सोडून वाडा आणि बाग करतो. ४ वर्षांच्याला काही कमी पडेल का?

हिरवळ:
नाही. फार्मयार्ड वाड्यामागे चढावर आहे, तिथल्या खेळाच्या जागेत वाळू आणि पाणी, म्हणजे कपड्यांचे दोन जोड आणि सासूबाईंची दमछाक. तेवढा वेळ बागेतच जाऊ द्या. तरी एक जोड पिशवीत ठेवाच, तांब्याचं झाड आहेच.